सोडा, मागे काच आहे

मी एक काच बोलतेय. आरशाची नव्हे आणि खिडकीची तर मुळीच नव्हे. तीन मीटर उंच, दोन मीटर रुंद आणि जाडीला तुमच्या करंगळीएवढी. वजन विचारू नका. एवढंच सांगते, की मला जागची हलवायला पाच-सहा धडधाकट माणसं लागतात. परवापर्यंत मी पॅडलच्या मैदानाच्या मागच्या भिंतीत उभी होते, अगदी मधोमध.

पॅडल म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, कारण मलाही ते कळायला बरेच दिवस लागले. टेनिसचं धाकटं भावंड समजा. मध्ये जाळं, दोन्ही अंगांना दोन-दोन खेळाडू. रॅकेटला तारा नसतात. भोकं पाडलेली एक जाड फळी असते आणि तिची दोरी मनगटात अडकवायची असते. सर्व्हिस करताना चेंडू डोक्यावर उडवायचा नाही. जमिनीवर टप्पा पाडून, कमरेखालूनच, समोरच्या तिरक्या चौकोनात मारायचा. आणि सगळ्यात गंमत म्हणजे मैदानाला चारी बाजूंनी काचा आणि तारेची जाळी. टेनिसमध्ये चेंडू मागे गेला की गेला. इथे तो एक टप्पा खाऊन मागे जातो, आमच्यावर आपटतो आणि परत येतो. परत आल्यावरही त्याला मारता येतं. म्हणजे या खेळात मी नुसती भिंत नाही, मीही खेळते. खेळाडू मला मोजत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. वाळू होते, पातळ झाले, सपाट झाले, एवढंच. नीट आठवतं ते नंतरचं. मला मापात कापलं, कडा घासल्या, बोल्टसाठी कोपऱ्यांजवळ भोकं पाडली आणि मग पुन्हा लालभडक तापवून अंगावर एकदम गार वारा सोडला. वरची कातडी आखडली आणि आतला जीव ताणलेलाच राहिला. याला टफन करणं म्हणतात. त्यानंतर आम्हाला कुणी कापू शकत नाही. कारखान्यातला एक जुना कारागीर नव्याला सांगत होता, "हिच्या पोटावर कितीही मार, काही होणार नाही. कडेला मात्र धक्का लावायचा नाही." तो असं का म्हणाला, हे मला विचारायचं होतं. पण तेवढ्यात मला पेटीत घातलं.

चौकशीची खोड मला तेव्हापासूनची. पारदर्शक असल्यामुळे मला दोन्हीकडचं दिसतं. पण दिसतं म्हणजे कळतं असं नाही, त्यामुळे माझं मन सदा कुणाच्या तरी मागे लागलेलं असतं.

मला इथे उभं केलं दोन भावांनी, चार गडी हाताशी घेऊन. थोरले पन्नाशीकडे झुकलेले, अंगाने शिडशिडीत, बोलणं मोजकं. त्यांचं काचेचं दुकान होतं आणि सगळे त्यांना काचवाले काका म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. धाकटा त्यांच्या उलट, तोंडाने अखंड चालू. तो आवाज द्यायचा, "उचल... माझ्याकडे... थोडी खाली... टेकव," आणि काका त्या आवाजावर डोळे मिटूनही काम करतील असं वाटायचं. मला बसवून झाल्यावर काकांनी माझ्या चारी कडांवरून बोट फिरवलं. प्रत्येक बोल्टपाशी वाकून बघितलं. "रबर नीट बसलंय ना बघ. काचेला लोखंड लागता कामा नये," ते म्हणाले. मग खिशातून फडकं काढून मला पुसलं आणि दोघं निघून गेले.

पुढचं दीड वर्ष मी माणसं बघितली. किती प्रकारची बघितली म्हणून सांगू! येणारा प्रत्येक जण आधी माझ्यासमोर उभा राहून केस सारखे करायचा, आणि समोर आरसा नसून काच आहे, पलीकडून लोक बघताहेत, हे लक्षात आलं की उगाच घसा खाकरायचा. फटका चुकला की माणूस आधी रॅकेटकडे बघतो, तिच्या भोकातून चेंडू निसटला की काय अशा नजरेने. दोघांच्या मधोमध चेंडू आला की दोघंही एकमेकांकडे बघतात, चेंडू मधून निवांत निघून जातो आणि मग दोघंही एकदमच म्हणतात, "मला वाटलं तू घेशील." हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्यावर कोरून ठेवलं असतं तरी चाललं असतं.

नवशिक्यांना शिकवायला एक तरुण बाई होती. सगळे तिला मॅडम म्हणत. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. नवखा माणूस चेंडू मागे जाऊ द्यायला घाबरतो. धावत जाऊन कसाबसा मारतो आणि तोंडघशी पडतो. मग मॅडम ओरडायची, "सोडा! मागे काच आहे!" ते ऐकलं की मला कोण बरं वाटायचं. आपल्या भरवशावर कुणी काही सोडतंय, ही भावना काचेच्या वाट्याला फार येत नाही.

एका महिन्याच्या सुरुवातीला नव्या तुकडीत चार जण आले. एक बेकरीवाला, हाताने दणकट, स्वभावाने मऊ. एक दातांची डॉक्टर, जी प्रत्येक फटक्याआधी "आता दुखणार नाही" अशा सुरात चेंडूशी बोलायची. आणि एक नवरा-बायको. बायको गोरीगोमटी, खणखणीत आवाजाची. नवऱ्याला मी लगेच ओळखलं. काचवाले काका! मला इतका आनंद झाला, की चेंडू लागला नसतानाही मी थरथरले असेन. पण काकांनी माझ्याकडे ओझरतंही बघितलं नाही. बूट आवळले आणि माझ्याकडे पाठ करून जाळ्यापाशी जाऊन उभे राहिले.

असं का, हे मला त्याच दिवशी कळलं. माझ्या पलीकडे, मैदानाबाहेर, एक लोखंडी बाक होता आणि लोक माझ्यावर पाठ टेकून बसायचे. काकू डॉक्टरला सांगत होत्या.

"नऊ महिने झाले बघा. एका दुकानाची दर्शनी काच होती, साधी, मोठी. दोघा भावांनी धरलेली. पायरीवर यांचा पाय अडखळला आणि काच आली खाली. भाऊजींच्या हातात घुसली. दोन बोटं आता मिटत नाहीत त्यांची."

"अगं बाई! मग भाऊ चिडले असतील?"

"छे हो, ते एका शब्दाने बोलले नाहीत. तेच तर झालंय ना. चिडले असते तर सुटले असते हे. यांनी असा धसका घेतलाय, की तेव्हापासून काचेला हात लावला नाही. दुकानात बसून फोटोच्या चौकटी विकतात."

"आणि तुम्ही त्यांना इथे आणलंत? या काचघरात?"

"मला काय माहीत इथे काचा असतात! पॅडल म्हणजे मला वाटलं, होडीबिडी वल्हवायची असेल. यांना ठाऊक होतं, यांनीच तर बसवल्यात. पण बोलले नाहीत काही. नुसते 'चल' म्हणाले."

ते "चल" का म्हणाले असतील, याचा मी त्या आठवड्यात फार विचार केला.

आता शिकण्याचं ऐका. सर्व्हिस काकांना पहिल्याच दिवशी जमली. मापाचा माणूस, टप्पा बरोबर पडायचा. जाळ्यापाशी उभं राहून चेंडू हवेतच परतवायलाही ते शिकले. जोडीदाराबरोबर पुढे-मागे सरकणं, "माझा" किंवा "तुझा" म्हणून हाळी देणं, हे तर त्यांच्या अंगवळणीच पडलेलं होतं. पण चेंडू त्यांना ओलांडून माझ्याकडे निघाला, की काहीतरी बिघडायचं. तो माणूस आडवा यायचा. रॅकेटने, हाताने, एकदा तर छातीने त्यांनी चेंडू अडवला. मॅडम ओरडते आहे, "सोडा, सोडा!" आणि काका उलटे धावताहेत, तोल जातोय, पण चेंडू माझ्यापर्यंत पोचू देत नाहीत.

"अहो, गोलकीपर आहात का तुम्ही?" काकू कमरेवर हात ठेवून विचारायच्या. "सोडा की तो बॉल!"

"सोडणारच होतो," काका म्हणायचे.

मॅडमला वाटलं, उतावळेपणा आहे. बेकरीवाल्याला वाटलं, कान कमी असतील. मला मात्र दुसऱ्याच दिवशी उमगलं. पंचवीस वर्षं या माणसाने काचेकडे येणारी प्रत्येक वस्तू अडवली होती. शिडी, हातोडी, पोरांचा चेंडू, गिऱ्हाइकाची छत्री. काचेकडे काही निघालं की त्याचं अंगच पुढे व्हायचं, त्यात विचाराचा भाग नव्हता. ज्याला काचेतलं सगळ्यात जास्त कळत होतं, त्यालाच काचेचा खेळ येत नव्हता. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

शेवटी मॅडमने एक युक्ती काढली. काकांच्या हातातली रॅकेट काढून घेतली. "हात मागे बांधून उभे राहा. मी वीस चेंडू मारणार. तुम्ही फक्त बघायचं."

पहिले चार चेंडू काकांनी डोळे गच्च मिटून काढले. प्रत्येक आवाजाला त्यांचे खांदे उडायचे. पाचव्याला एक डोळा उघडला. बाराव्याला दोन्ही उघडले. मी मनापासून खेळत होते. प्रत्येक चेंडू अलगद परत देत होते आणि मनात म्हणत होते, बघा ना, काही होत नाही मला. सतराव्या चेंडूनंतर ते पुटपुटले, "रबर चांगलं धरलंय." नऊ महिन्यांत काचेबद्दल बोललेला तो त्यांचा पहिला शब्द असेल की नाही, कोण जाणे. मी तर तो माझ्याशीच बोललेला धरला.

मग पुढचा धडा. चेंडू मागे गेला की खांदा वळवायचा, गुडघे वाकवायचे, काचेला चिकटायचं नाही, एका रॅकेटचं अंतर सोडायचं आणि चेंडू परत येईपर्यंत वाट बघायची. "घाई नको. काचेवरून चेंडू दमून येतो. मग तो तुमचं ऐकतो," मॅडम म्हणायची. सरावात काकांना हे जमायला लागलं. आधी नुसता हाताने झेलायचे, मग रॅकेटने हलकेच ढकलायचे. पण खरा खेळ सुरू झाला, धावपळ झाली, की पुन्हा तेच. आडवे!

अशात एक वाईट गोष्ट घडली. सकाळच्या एका कंपूला एकत्र फोटो काढायचा होता. त्यांनी बाक ओढला, आणि त्याचा लोखंडी पाय माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बसला. आतलं रबर सरकलं, बोल्ट तिरका झाला आणि माझ्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. "काही नाही झालं," एक जण म्हणाला. मग सगळे हसले आणि फोटो निघाला. पण झालं होतं. आता प्रत्येक चेंडूबरोबर माझी कड लोखंडाला घासत होती. कारखान्यातला तो म्हातारा काय सांगत होता, ते मला त्या दिवशी समजलं. मी कोणत्याही क्षणी जाऊ शकत होते, आणि माझ्या एका बाजूला माणसं खेळत होती, दुसऱ्या बाजूला पाठ टेकून बसत होती. सांगणार कसं? मला तोंड नाही. चेंडू लागला की जो आवाज निघतो, तेवढंच माझं बोलणं. पूर्वी तो "ठप्प" असा भरीव यायचा, आता मागे एक बारीक "र्रर्र" राहायची. कुणाच्या तरी ते कानावर पडेल का, याची मी रोज वाट बघत होते.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी काका-काकू सरावानंतर बाकावर बसले. दोघांच्या पाठी मला टेकलेल्या.

"रविवारी संध्याकाळी टेबल न्यायला येताहेत," काकू म्हणाल्या. काच कापायच्या टेबलाबद्दल बोलणं चाललं होतं. दुकानाच्या मधोमध असायचं ते, दोघा भावांनी मिळून बनवलेलं आणि आता विकायला काढलेलं.

"नेऊ दे."

"तुम्हाला पटतंय?"

"वापरत नाही तर कशाला अडवून ठेवायचं? चौकटींवर चाललंय ना आपलं."

"आपलं चाललंय. तुमचं नाही चाललेलं."

"हात उचलत नाही गं," काका म्हणाले. " काच समोर आली की मला त्याचा हात दिसतो. मी रोज दुकान उघडतो, टेबलापाशी जाऊन उभा राहतो आणि परत येतो. तुला सांगितलं नाही." टेबल गेलं की तो माणूस पुन्हा कधी काच धरणार नाही, हे काकूंना कळत होतं, त्यांनाही कळत होतं, आणि मलाही.

रविवारी सकाळी तुकडीचा शेवटचा सामना होता. काका-काकू एकीकडे, डॉक्टर आणि बेकरीवाला दुसरीकडे. फार आरडाओरडा, फार चुका आणि मजा विचारू नका. काकूंनी दोनदा बेकरीवाल्याच्या पोटावर चेंडू मारला आणि दोन्ही वेळा त्यालाच म्हणाल्या, "मध्ये कशाला आलात?" असं करत करत बरोबरी झाली. पुढचा पॉइंट ज्याचा, सामना त्याचा.

चेंडू आठ-दहा वेळा इकडून तिकडे गेला. मग डॉक्टरने तो उंच उडवला. काकांच्या डोक्यावरून तो मागे चालला, सरळ माझ्याकडे. काका वळले. मला वाटलं, आता आडवे येणार. मॅडमने तोंड उघडलं, पण ती काही बोलायच्या आतच काका थांबले. खांदा वळला, गुडघे वाकले. त्यांनी चेंडू जाऊ दिला. टप्पा पडला, चेंडू माझ्यावर आला आणि मी माझा सगळा जीव त्या आवाजात ओतला. चेंडू परत निघाला, दमून, अगदी त्यांच्या रॅकेटसमोर. इतका सोपा चेंडू त्या महिन्यात कुणाला मिळाला नसेल.

काकांनी तो मारलाच नाही. चेंडू दुसरा टप्पा खाऊन पायाशी घरंगळला.

"अहो!" काकू किंचाळल्या. "मारायचा असतो तो!"

"आवाज ऐकलास?"

"कसला आवाज? हरलो आपण!"

काका माझ्याजवळ आले. कान लावला. मुठीने हळूच ठोकलं, वर, मध्ये, मग खाली. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं, पहिल्या दिवशी फिरवलं होतं तसंच. टवक्यापाशी बोट थांबलं. आपण काचेला हात लावलाय, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. माझ्या आलं.

"सगळे बाहेर व्हा. बाकावरच्यांना उठवा आधी."

मैदानाचा मॅनेजर धावत आला. "काका, ही फुटत नाही हो. ट्रक आदळला तरी फुटत नाही. तुमच्या मनातलं आहे ते." त्याला काकांची गोष्ट कुणीतरी सांगितली होती. बेकरीवाला जमिनीकडे बघायला लागला. डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, पाणी घेता का?" सगळ्यांना वाटलं, बिचाऱ्याचं परत सुरू झालं.

"पोटात मारलं तर फुटत नाही," काका म्हणाले. "कडेला लागलं तर ही सेकंदात जाते. इथे लोखंड लागतंय. कालची गोष्ट नाही ही, आठ-दहा दिवस झाले असतील."

मॅनेजर हसला. काकूंनी मनगटातली दोरी सोडली, रॅकेट खाली ठेवली आणि बाकावरच्या लोकांना म्हणाल्या, "उठा हो सगळे. यांना काचेतलं कळतं." त्यांच्या आवाजासमोर कुणाचं काही चाललं नाही. लोक उठले. मग मॅनेजरही वाकला, त्याने टवका बघितला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मॅनेजरने काचेच्या कंपनीला फोन लावला, पण त्यांची माणसं आठ दिवसांनी येणार होती. एक जादा काच कोठारात पडून होती, पण बसवणारा नव्हता. आठ दिवस मी अशीच उभी राहिले, तर ऊन-वाऱ्यानेही जाऊ शकत होते. "मग काढणार कोण?" मॅनेजरने विचारलं.

काका माझ्याकडे बघत होते. महिनाभरात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. त्यांचा चेहरा मला आरपार दिसत होता आणि त्यात भीती होती, शंकाच नाही. त्यांनी फोन काढला.

"ऐक. सक्शन घेऊन ये. सगळे." काच उचलायला चिकटवायच्या रबरी मुठींना ते सक्शन म्हणतात.

पलीकडून धाकट्याचा आवाज आला, "किती बाय कितीची?"

अर्ध्या तासात तो आला. काकांनी माझ्या दोन्ही अंगांना रुंद चिकटपट्ट्या लावल्या, म्हणजे फुटलेच तर तुकडे जागीच राहावेत. बेकरीवाला, मॅनेजर, मॅडम आणि दोन खेळाडू मुठी धरून उभे राहिले. काकू दार धरून. शेवटचा बोल्ट सोडायचा होता. काकांच्या हातातला पाना लटलट कापत होता.

"तू बाजूला हो," ते धाकट्याला म्हणाले. "तू इथे नको."

"मी बाजूला झालो तर आवाज कोण देणार?"

"परत तसं झालं तर?"

धाकटा त्यांच्या अगदी जवळ आला. "दादा, त्या दिवशी माझा हात आधी सुटला. काच कलली, म्हणून तू अडखळलास. नऊ महिने सांगायचं राहिलंय."

काकांनी पाना खाली घेतला. "आणि हे आत्ता सांगतोयस?"

"काच हातात असताना तू मला मारणार नाहीस म्हणून."

ते खरं होतं की भावाला सोडवायला रचलेलं होतं, मला सांगता येणार नाही. मी तिथे नव्हते. काकाही त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्यांना काय दिसलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नाक पुसलं, पाना उचलला आणि बोल्ट सोडला.

"उचल," धाकटा म्हणाला. "दादाकडे... थोडी खाली... चला."

मी चालले. आयुष्यात दुसऱ्यांदा. माझा सगळा भार काकांच्या बाजूला होता आणि मी जीव मुठीत धरून होते, माझ्या त्या डाव्या कोपऱ्याला विनवत होते, बाबा रे, एवढी वीस पावलं धीर धर. त्याने धीर धरला. मागच्या अंगणात, लाकडी ठोकळ्यांवर मला टेकवलं, तेव्हा काकांचा सदरा घामाने भिजला होता. काकू दार सोडून आल्या आणि सगळ्यांसमोर त्यांचा हात धरून उभ्या राहिल्या. दोघंही रडत होते, आणि काकू रडता रडता मॅनेजरला रागावत होत्या.

"दादा, संध्याकाळी टेबलवाला येतोय," धाकट्याने आठवण दिली. "काय सांगू?"

"सांग, लागतंय म्हणून."

काल माझ्या जागी नवी काच बसली. दोघा भावांनीच बसवली, मुठी धरायला पुन्हा तीच मंडळी. छान आहे, माझ्यापेक्षा थोडी निळसर. सकाळपासून "ठप्प, ठप्प" ऐकू येतंय. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

माझं आता काही होण्यासारखं नाही. मला कापून लहान करता येत नाही, आणि टवका उडालेली टफन काच अख्खी गाडीत घालायला कुणी धजत नाही. तिला इथेच फोडून पोत्यांत भरावं लागतं. आज त्यासाठीच दोघं आलेत. मदतीला माणसं घेऊन मला ताडपत्रीवर आडवं निजवलंय. पहिल्यांदाच आभाळ असं सरळ डोळ्यांसमोर आलंय! उभ्या जन्मात मला एवढं कळलं नव्हतं, की ढग एकाच दिशेने जातात.

धाकटा म्हणाला, "दादा, मी फोडतो. तू जा पलीकडे." काका म्हणाले, "नको. माझं मी करतो." चष्मा चढवला, हातमोजे घातले, हातोडी आणि जाड खिळ्यासारखा टोकदार पंच घेऊन ते माझ्यापाशी बसले. मग काय वाटलं कोण जाणे, हातमोजा काढला, खिशातून फडकं काढलं आणि चिकटपट्ट्या सोलून मला पुसायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही डाग न ठेवता.

"अरे, फोडायचीय ना ती?" धाकटा हसला.

"असू दे. एकदा पुसतो."

तेवढ्या वेळात मी हे तुम्हाला सांगून घेतलं. कधी पॅडल शिकायला गेलात, तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. चेंडू मागे गेला म्हणून धावत सुटू नका. आणि बाक हलवताना तो ओढू नका, उचलून ठेवा. हात जोडून सांगितलं असतं, पण देवाने दिले नाहीत.

आता धाकट्याने माझ्यावर चादर पांघरलीय. खाली अंधार आहे, पण भीती वाटत नाही. मला खरंच उत्सुकता आहे. आजवर मी एक होते. आता हजार झाले, की त्यातली मी कोणती? की सगळ्याच? पंच कोपऱ्यावर टेकलाय. काकांचा हात कापत नाहीये.